वेडाच्या कारणाचा रकाना

गांजाने माणूस वेडा होतो, हे आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकलेले आहे. देवळाच्या पारावर एखाद्या बैराग्याने चिलीम पेटवली, की वडीलधारी माणसे पोरांना हाक मारून दूर नेत, ती याच भीतीने. या लोकसमजुतीची एकदा मोठ्या कसोशीने सरकारी चौकशी झाली होती. आज आम्हांला बोलायचे आहे ते त्या चौकशीविषयी.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात हा विषय निघाला आणि हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या. परंतु साक्षींपेक्षाही महत्त्वाचे काम त्याने वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरात केले. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे वेडाचे कारण लिहिलेले होते. आकडा भयंकर खरा. पण तो लिहिला कोणी? रुग्णाबरोबर जो कागद येई त्यात ‘कारण’ असा एक रकाना असे, आणि तो बहुधा पोलिसांकडून भरून येई. नातलग जवळ नसत. हा मनुष्य कधी चिलीम ओढीत असे, एवढे कोणी सांगितले, की रकाना भरला! इस्पितळात तेच उतरवून घेतले जाई. आयोगाने एकेका रुग्णाची पुन्हा चौकशी केली, तेव्हा २२२ पैकी ९८ उरले. त्यांतही केवळ या अमली पदार्थांकडे बोट दाखवता येईल असे ६१ च.

म्हणून गांजा निर्दोष ठरला असे मात्र कोणी समजू नये. अतिसेवनाने अपाय होतो, हे आयोगानेही मान्य केले होते. पुढे स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करभरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण, ज्यांनी तो कधीच घेतला नव्हता त्यांच्या सहापट आढळले. आता व्यसनाने वेड लागते, की वेडाच्या वाटेवर असलेलाच व्यसनाकडे वळतो, हा वाद त्यातून उभा राहिला.

रसायनशास्त्राला येथवर पोचायला वेळच लागला. मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना सांगितली ती १९६४ साली, इस्रायलमध्ये मेशुलम व गाओनी यांनी. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट व विल्यम डेव्हेन यांना हे द्रव्य मेंदूत जेथे जाऊन बसते ती ग्राहके सापडली. स्मृतीच्या आणि तोल सांभाळणाऱ्या भागांत ती दाट असतात. चिलीम ओढणारा बोलता बोलता वाक्य विसरतो ते यामुळेच. श्वासोच्छ्वासाच्या केंद्रात ती विरळ, म्हणून अफूच्या अतिसेवनाप्रमाणे येथे श्वास बंद पडत नाही.

पण ही ग्राहके गांजाची वाट पाहत तर बसली नसणार! १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून तेथे बसणारे मेंदूचे स्वतःचे द्रव्य निघाले. त्याचे नाव ठेवताना शास्त्रज्ञांनी संस्कृतातला ‘आनंद’ उचलला आणि त्याला ‘आनंदमाइड’ म्हटले.