चित्रफितीकडून चकतीकडे : एका स्थित्यंतराचा विचार

दृश्य आणि ध्वनी यांचे मुद्रण करणाऱ्या साधनांचा इतिहास हा सामान्यतः तंत्रज्ञांचा विषय मानला जातो. परंतु बोलींचा, लोकगीतांचा अथवा मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यास त्याकडे दुर्लक्ष करून चालावयाचे नाही. कारण अभ्यासाची सामग्री ज्या साधनावर उतरते, त्या साधनाचे गुणदोष सामग्रीलाही चिकटतात. व्हिडिओ कॅमेऱ्यातील फितीची जागा हार्ड डिस्कने कशी घेतली आणि त्यामुळे ‘मूळ नोंद’ या कल्पनेत कोणता फरक पडला, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या दोन्ही साधनांचा उगम एकाच वर्षातला आहे. एप्रिल १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने शिकागो येथे दोन इंच रुंदीच्या फितीवर दूरचित्रवाणीचे चित्र मुद्रित करणारे यंत्र दाखविले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आय.बी.एम.ने रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्याच्या ५० चकत्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे साठविता येत. दोहोंचे मूलतत्त्व एकच, म्हणजे लोहाच्या भस्माचा लेप दिलेल्या पृष्ठभागाचे चुंबकीकरण. भेद होता तो क्रमाचा. फितीवरील पन्नासाव्या मिनिटाला पोहोचण्यासाठी आधीची सर्व फीत सरकवावी लागते. चकतीवर मात्र मुद्रणशीर्ष हव्या त्या स्थानी थेट जाऊ शकते. तथापि चलच्चित्राचा प्रचंड ऐवज सामावून घेण्याइतकी क्षमता चकतीला लाभण्यास पुढे चाळीस वर्षे लागली, आणि तेवढा काळ चित्रमुद्रणाच्या क्षेत्रात फितीचेच राज्य राहिले.

त्या काळात फीत अरुंद होत गेली. १९८३ मध्ये सोनीने घरगुती वापरासाठी कॅमेरा आणि मुद्रणयंत्र एकत्र असलेला ‘बीटामूव्ही’ आणला. १९८५ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीची फीत आली. आणि १९९५ मध्ये ‘डीव्ही’ या पद्धतीने अंकीय मुद्रण सामान्य संशोधकाच्या आटोक्यात आणले. डीव्हीची फीत सव्वासहा मिलिमीटरांहून किंचित अधिक रुंद असे आणि तासाभराच्या मुद्रणात सुमारे १३ गिगाबाइट माहिती साठवी. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष म्हणजे, या फितीवर ध्वनी संकोच न करता नोंदविला जाई. दोन ध्वनिमार्गांची सोय निवडल्यास सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, इतकी त्याची प्रत असे.

चकतीचा कॅमेऱ्यात प्रवेश झाला तो व्यावसायिकांच्या मार्गाने. १९९५ मध्ये अॅव्हिड आणि इकेगामी या कंपन्यांनी हार्ड डिस्कवर मुद्रण करणारा कॅमेरा पुढे आणला. त्यामागील प्रेरणा संपादनाची होती. संपादन संगणकावर होऊ लागले होते, आणि तासाभराची फीत संगणकात उतरविण्यास एक तासच लागे. वृत्तविभागांना हा विलंब परवडणारा नव्हता. घरगुती क्षेत्रात जेव्हीसीने २००४ मध्ये ‘एव्हरिओ’ हे कॅमेरे काढले. त्यांतील चकती काढता येण्याजोगी व ४ गिगाबाइट क्षमतेची होती. पुढील वर्षी २० व ३० गिगाबाइटांच्या चकत्या कॅमेऱ्यातच बसविण्यात आल्या, आणि २००६ मध्ये सोनीनेही तोच मार्ग धरला.

अशा ३० गिगाबाइटांच्या कॅमेऱ्यात उत्तम प्रतीचे मुद्रण सुमारे सात तास होई. हा आकडा मोहक खरा. पण थोडे गणित केले असता त्यातील मख्खी कळते. डीव्हीच्या मापाने ३० गिगाबाइटांत दोन तासांहून थोडेच अधिक मुद्रण मावते. उरलेले तास मिळाले ते चित्राचा व ध्वनीचा अधिक संकोच करून. डीव्हीमध्ये प्रत्येक चित्रचौकट स्वतंत्रपणे संकोचली जाई. या नव्या कॅमेऱ्यांत शेजारच्या चौकटींमधील फरकच प्रामुख्याने नोंदविला जाऊ लागला, आणि कानाला सहसा न जाणवणारा ध्वनीचा अंश गाळला जाऊ लागला. सहलीच्या मुद्रणात याने बिघडत नाही. परंतु उच्चाराचे ध्वनिशास्त्रीय मापन करणाऱ्यास, कानाला न जाणवणारे ते निरुपयोगीच, असे गृहीत धरता येत नाही. सोयीची किंमत पुराव्याने चुकविली, असे येथे म्हणावे लागते.

चकतीचे कॅमेऱ्यातील वास्तव्यही अल्पकालीन ठरले. तिचे शीर्ष हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगते. त्यामुळे धक्का, कंपन आणि उंच प्रदेशातील विरळ हवा ही तिची संकटे होत. कॅमेरा हातातून निसटताच ते ओळखून शीर्ष सुरक्षित जागी नेणारी योजना काही उत्पादकांनी केली. पण ज्यात हलणारा भागच नाही असे स्मृतिपत्रक स्वस्त होताच, दहा वर्षांच्या आत चकती घरगुती कॅमेऱ्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. व्यावसायिक क्षेत्रात मार्च २०११ च्या जपानमधील भूकंप व त्सुनामीने सोनीच्या सेंदाई येथील फीत-कारखान्याचे नुकसान केले. त्यातून उद्भवलेल्या टंचाईने फीत सोडण्याची गती वाढविली.

येथे स्थित्यंतराचा खरा अर्थ ध्यानात येतो. फितीच्या काळात मुद्रण आणि जतन या एकाच कृतीच्या दोन बाजू होत्या. फीत भरली की ती काढावयाची, तिच्यावर गाव, दिनांक व निवेदकाचा तपशील लिहावयाचा आणि कपाटात ठेवावयाची. जपण्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. पुसण्यासाठी मात्र तसा निर्णय घ्यावा लागे. असे निर्णय घेतले गेलेच नाहीत असे नव्हे. महाग फिती पुन्हा वापरण्याच्या नादात बी.बी.सी.ने १९६० व १९७० च्या दशकांत आपले अनेक कार्यक्रम कायमचे गमावले. परंतु कॅमेऱ्यातील चकतीने हा क्रमच उलटविला. तिच्यावर पुन्हा मुद्रण करावयाचे तर ती आधी रिकामी करणे भाग असते. आता पुसणे हा नित्यक्रम झाला आणि जपण्यासाठी स्वतंत्र निर्णय लागू लागला. स्मृतिपत्रक आले तरी हा क्रम पालटलेला नाही.

भाषेने मात्र हा बदल अद्याप मान्य केलेला दिसत नाही. फितीचा मागमूस नसलेल्या मुद्रणालाही मराठी वृत्तपत्रे ‘चित्रफीत’च म्हणतात. वस्तू गेली तरी शब्द टिकणे ही अर्थपरिवर्तनाची परिचित रीत होय. परंतु या शब्दासोबत, मुद्रित झालेले कोठेतरी गुंडाळून ठेवलेले असणारच, ही जुनी समजूतही टिकून राहते. संशोधकाने या समजुतीपासून सावध राहिले पाहिजे.

दुसरीकडे, कॅमेऱ्यातून गेलेली फीत मोठ्या संग्रहालयांत संगणकीय माहितीच्या साठ्यासाठी आजही वापरली जाते. २००० साली सुरू झालेली ‘एलटीओ’ फीत हे त्याचे उदाहरण. तेव्हा फीत टाकाऊ आणि चकती टिकाऊ असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्न पदार्थाचा नसून जबाबदारीचा आहे.

या विवेचनातून विभागांपुढे दोन कर्तव्ये उभी राहतात. पहिले, कपाटांतील डीव्ही फिती, त्या वाचणारी यंत्रे चालू आहेत तोवर, पुन्हा संकोच न करता जशाच्या तशा उतरवून घेणे. युनेस्को व ध्वनि-दृश्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी इशारा देताना २०२५ ही मुदत सांगितली होती; ती घटका आता आलेली आहे. दुसरे, नव्या क्षेत्रकार्यात कॅमेरा रिकामा करण्यापूर्वी दोन ठिकाणी प्रती करणे आणि पूर्वी फितीच्या वेष्टणावर लिहिला जाई तो तपशील त्या प्रतींसोबत नोंदविणे. एखाद्या बोलीचा वृद्ध निवेदक पुन्हा भेटेलच असे नसते. त्याचे बोलणे मुद्रित झाले म्हणजे सुरक्षित झाले, असे मानण्याचे दिवस फितीबरोबरच संपले आहेत.