मुक्या संगणकाचा पूर्वेतिहास

शाळेच्या संगणकावर लिनक्स बसवले, पडद्यावर सारे व्यवस्थित दिसू लागले, पण कानाला लावलेला हेडसेट मात्र गप्प. ही तक्रार तीसएक वर्षांची जुनी आहे. 'साउंड कार्ड गेले' असे म्हणून संगणक बाजूला ठेवला जातो, नाहीतर लिनक्सच पुसले जाते. प्रत्यक्षात कार्ड क्वचितच गेलेले असते. आवाज ज्या वाटेने कानापर्यंत येतो ती वाट एका दिवसात बांधलेली नाही. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात तिचे थर रचले, आणि आवाज अडतो तो बहुधा यांपैकी एखाद्या थरात.

हा प्रश्न गाणी ऐकण्यापुरता असता तर सोडून देता आला असता. पण मुंबईच्या आय.आय.टी.तील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाकडे पाहा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुक्त संगणक प्रणालींचे सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ तयार झाले. विद्यार्थ्याने हेडफोन लावायचा, थोडे ऐकायचे, पाठ थांबवायचा आणि तेच स्वतः करून पाहायचे. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. पडद्यावरचा मजकूर मात्र मुद्दाम इंग्रजीच ठेवला आहे, म्हणजे पुढे नोकरीत विद्यार्थ्याचे अडू नये. याचा अर्थ असा की हेडफोन बंद पडला की त्या पाठातली मराठीच नाहीशी होते आणि समोर उरते फक्त इंग्रजी. मराठी माध्यमाच्या मुलाचे यात किती नुकसान होते हे शिक्षकांना सांगायला नको.

आता त्या थरांकडे वळू. साउंड कार्डाचे मूळ काम सोपे आहे: अंकांचे विद्युतदाबात आणि विद्युतदाबाचे अंकांत रूपांतर करणे. सीडीच्या दर्जाच्या आवाजासाठी प्रत्येक कानाला सेकंदाला ४४,१०० अंक पुरवावे लागतात. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' १९८९ मध्ये बाजारात आले आणि घरगुती संगणकाला 'बीप'च्या पलीकडचा आवाज मिळाला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केले. दुसऱ्याच वर्षी हन्नू सावोलाइनेन या दुसऱ्या फिनिश तरुणाने साउंड ब्लास्टरसाठी चालक-कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिला. त्यातून पुढे 'ओएसएस' ही पद्धत रूढ झाली. तिच्यात साध्या कार्डावर एका वेळी एकाच कार्यक्रमाला आवाज काढता येई. दुसऱ्याला 'यंत्र कामात आहे' एवढेच उत्तर मिळे.

चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला याने आधी एका वेगळ्याच कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला होता. त्यातून १९९८ च्या सुमारास 'अल्सा' हा प्रकल्प वाढला आणि डिसेंबर २००३ मधल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीबरोबर तो सर्वत्र पोचला. अल्साने एक निर्णय घेतला होता: कार्ड प्रथम सुरू होताना त्याचे सर्व मार्ग मुके ठेवायचे, म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज एकाएकी निघणार नाही. विचार योग्यच होता, पण नवख्याला वाटे की कार्डच बिघडले. आताच्या वितरणांत सुरुवातीची पातळी आपोआप लावली जाते. तरीही 'अल्सामिक्सर' उघडून पाहण्याची सवय सोडू नये. एखाद्या पट्टीखाली 'एमएम' ही अक्षरे दिसली तर ती पट्टी मुकी आहे. 'एम' कळ दाबली की तिला वाचा फुटते.

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण २००४ नंतरचे आहे. त्या वर्षी इंटेलने 'एचडी ऑडिओ' ही मानक पद्धत आणली. चिप प्रमाणित झाली, पण चिपचा कोणता पाय कोणत्या खाचेला जोडायचा हे प्रत्येक उत्पादकाच्या मर्जीवर राहिले. ही माहिती देणारा तक्ता उत्पादकाने संगणकातच भरून ठेवायचा असतो. तो अनेकदा चुकीचा किंवा अपुरा निघतो, आणि ड्रायव्हर हेडफोनचा आवाज भलत्याच पायाकडे पाठवतो. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अपवादांची एक लांबलचक यादी आहे: अमुक मॉडेल असेल तर अमुक दुरुस्ती. अल्साची देखभाल करणारे ताकाशी इवाई आणि त्यांचे सहकारी ती वाढवत आले आहेत. या यादीतल्या कितीतरी ओळींमागे कुणाची तरी तक्रार आहे. 'अल्सा-इन्फो' हा छोटा कार्यक्रम चालवला की आपल्या कार्डाची सारी माहिती एकत्र मिळते. तीच तक्रारीसोबत पाठवायची असते. शाळेतल्या एका संगणकाची तक्रार नीट नोंदवली तर त्याच मॉडेलचे सगळे संगणक पुढच्या आवृत्तीत बोलू लागू शकतात.

यावरचा थर आवाज एकत्र करून योग्य जागी पोचवणाऱ्या व्यवस्थापकाचा. लेनार्ट पोटरिंगचे 'पल्सऑडिओ' २००४ मध्ये सुरू झाले, २००७ मध्ये फेडोरात आणि २००८ मध्ये उबुंटूत आले. सुरुवातीला खरखर आणि तुटक आवाजामुळे त्याने बरीच बोलणी खाल्ली. पुढे विम टायमन्सच्या 'पाइपवायर'ने त्याची जागा घेतली: फेडोरात २०२१ मध्ये, उबुंटूत २०२२ मध्ये. इथली नेहमीची अडचण म्हणजे चुकलेला पत्ता. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःचे छोटे साउंड कार्ड असते, त्यामुळे संगणकाला दोन कार्डे दिसतात. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर हे तिसरे. त्याला स्पीकर नसला तरी आवाज तिकडे खुशाल जात राहतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये निर्गम कोणता निवडला आहे, हे म्हणूनच आधी बघावे.

या सगळ्याआधी अर्थात साधा प्लग पाहावा. जुन्या डेस्कटॉपला हिरवी खाच आवाजासाठी आणि गुलाबी मायक्रोफोनसाठी असते. मोबाइलच्या हेडसेटचा चार पट्ट्यांचा एकच प्लग हिरव्या खाचेत घातला तर ऐकू येते, पण आपले बोलणे संगणकाला पोचत नाही. त्याला दोन फाटे करणारी जोडवायर लागते. ड्रायव्हरशी झटापट करून उपयोग नाही.

आणि एक तक्रार अशी, की जिच्यावर कोणत्याच प्रणालीत इलाज नाही: हेडसेटमधली सततची घूं घूं. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या शिक्षकांना तिचा उगम मुलांना गावातच दाखवता येईल. तिथल्या औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे संच उभारले गेले. अशा संचाचे चक्र मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेते. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ येते ती याच फिरण्यातून. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेल्यापासून दक्षिणेसह साऱ्या देशाचे जाळे याच तालावर चालते. प्रयोगशाळेतल्या तीन पायांच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर संगणकाच्या धातूच्या पेटीवर थोडा विद्युतदाब राहतो आणि मायक्रोफोनच्या बारीक संकेतात ५० किंवा १०० हर्ट्झचा गुंजारव मिसळतो. लॅपटॉप असेल तर परीक्षा सोपी: चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. घूं घूं थांबली तर दोष वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे, आणि तिथे संगणकाच्या जाणकाराऐवजी वायरमनला बोलवावे.