नवे यरुशलेम : पवित्र नगराची रचना व अर्थ

मृतांसाठी अर्पण केल्या जाणाऱ्या मिस्साबलिदानात प्रकटीकरण ग्रंथाच्या २१ व्या अध्यायातील वाचन अनेकदा घेतले जाते. योहानाला नवे आकाश, नवी पृथ्वी आणि स्वर्गातून उतरणारे पवित्र नगर दिसते. परंतु समुद्र मात्र उरलेला नसतो. रायगडच्या किनाऱ्यावरील भाविकांना हे खटकणे स्वाभाविक आहे. ज्या दर्याने पिढ्यान्‌पिढ्या पोसले, त्याला देवाच्या राज्यात स्थान का नसावे? उत्तरासाठी प्रथम त्या नगराची रचना पाहू या.

संख्या व मोजमाप

नगराला बारा वेशी असून त्यांवर इस्राएलच्या बारा वंशांची नावे आहेत. तटाच्या बारा पायांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. जुना व नवा करार येथे एकाच बांधकामात सामावले आहेत. देवदूत सोन्याच्या बोरूने नगर मोजतो. लांबी, रुंदी व उंची सारखीच, प्रत्येकी १२,००० स्तादिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर भरते. हा नकाशा नव्हे, प्रतीक आहे. शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्र स्थान असेच तिन्ही बाजूंनी समान, प्रत्येकी वीस हात होते (१ राजे ६:२०). तेथे प्रमुख याजक वर्षातून एकदाच प्रवेश करी. आता संपूर्ण नगरच परमपवित्र स्थान झाले आहे. म्हणूनच तेथे वेगळे मंदिर नाही. देव आणि कोकरू हेच त्याचे मंदिर होत.

उघड्या वेशी

तटबंदीचे नगर म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. पोर्तुगीजांनी रेवदंड्यास तट उभारला. आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्वीट व ऑगस्टिनियन संघांची चर्चे व मठ होते. १७४० मध्ये ते नगर मराठ्यांच्या हाती गेले. आज तेथे भग्न भिंती व सातखणी मनोरा उरला आहे. पण खाडीपलीकडे कोर्लईच्या भाविकांनी आपली श्रद्धा आणि पोर्तुगीजमिश्रित बोली जतन केली. तट पडले, माणसांतील मंदिर टिकले. योहानाच्या नगराच्या वेशी तर कधी बंदच होत नाहीत, कारण तेथे रात्र नाही आणि शत्रूचे भयही नाही.

समुद्र का नाही?

पवित्र शास्त्रात समुद्र हे बहुधा अराजक, संकट व मृत्यू यांचे प्रतीक आहे. प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात श्वापद समुद्रातूनच वर येते. स्वतः योहान पात्म बेटावर होता. त्याच्या आणि त्याच्या ख्रिस्तसभांच्या मध्ये समुद्र होता. नव्या नगरात नाहीसा होतो तो हा दुरावा, हे भय. देवाने निर्माण करून चांगला म्हटलेला दर्या येथे धिक्कारलेला नाही. तत्पूर्वी, २० व्या अध्यायात, समुद्र आपल्यातील मृतांना परत देतो, हे विसरता कामा नये. ज्या घरातील माणूस दर्यावर गेला आणि परतला नाही, ज्याला कबरही लाभली नाही, त्या घरासाठी हे वचन आहे. देवाच्या हिशेबात कोणीही हरवलेला नाही.

पाणी तेथेही आहे : सिंहासनापासून जीवनाची नदी वाहते. तिच्या काठच्या जीवनवृक्षाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. विशेष म्हणजे हे नगर माणसांनी बाबेलच्या बुरुजाप्रमाणे वर रचलेले नाही. ते देवाकडून दान म्हणून खाली उतरते. येत्या २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, दर्याने नेलेल्यांसाठीही आपण याच आशेने प्रार्थना करू या.