किती रक्त, किती त्रास?

ताप थर्मामीटरने मोजता येतो, वजन तराजूने. पण ‘पाळीत माझ्या फार अंगावरून जातं’ असं एखादी स्त्री सांगते, तेव्हा हे ‘फार’ कशाने मोजायचं? या प्रश्नाचं उत्तर चाळीसहून अधिक वर्षांत कसं बदलत गेलं, ते पाहू या.

पहिलं उत्तर रसायनशास्त्राचं होतं. 1964 मध्ये स्वीडनच्या हालबर्ग आणि निल्सन यांनी एक पद्धत मांडली. वापरलेले पॅड सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवायचे. अल्कलीमुळे हिमोग्लोबिनचं हिमॅटिन होतं आणि द्रावणाला रंग येतो. त्याच स्त्रीच्या शिरेतल्या रक्तावर हीच क्रिया करून दोन्ही रंगांच्या गडदपणाची तुलना केली, की किती रक्त गेलं ते कळतं. 1966 मध्ये गोथेनबर्ग शहरातल्या 476 स्त्रियांची मोजणी प्रसिद्ध झाली. एका पाळीत सरासरी सुमारे 43 मिलिलिटर रक्त जात होतं. 80 मिलिलिटरच्या पुढे मात्र हिमोग्लोबिन आणि लोह कमी असलेल्या स्त्रियांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मग 80 हीच ‘अतिरक्तस्रावा’ची सीमा ठरली.

ही सीमा कशावरून ठरली, हे लक्षात ठेवायला हवं. ती शरीरातल्या लोहाच्या हिशेबाने ठरली होती. त्या स्त्रीचे दिवस कसे जातात, हे त्यात कुठेच नव्हतं.

पुढे 1980 मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासात स्त्रियांचा स्वतःचा अंदाज आणि मोजलेलं रक्त यांचा नीट मेळ बसेना. 1990 मध्ये लंडनच्या हायम आणि सहकाऱ्यांनी एक सोपा चित्रतक्ता तयार केला. पॅड थोडं डागाळलं तर 1 गुण, मध्यम भिजलं तर 5, पूर्ण भिजलं तर 20. बेरीज 100 च्या पुढे गेली, की रक्तस्राव जास्त. प्रयोगशाळेची गरज संपली, पण मोजलं जात होतं ते रक्तच. आणि 2004 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात, जास्त रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींचंच रक्त 80 मिलिलिटरहून अधिक भरलं. मग बाकीच्यांची तक्रार खोटी म्हणायची का?

खरं तर प्रश्नच बदलायला हवा होता. अर्थशास्त्रज्ञांनी एक वाट दाखवली होती: ‘या त्रासासह दहा वर्षं जगण्याऐवजी पूर्ण आरोग्याची किती वर्षं पत्कराल?’ उत्तर आठ आलं, तर त्या अवस्थेची किंमत 0.8. पण पाळीचा त्रास महिन्यातले काही दिवसच असतो. ‘आज तब्येत कशी आहे?’ असं विचारणाऱ्या सर्वसाधारण प्रश्नावल्याही इथे फसतात. पाळी नसेल त्या दिवशी विचारलं, तर उत्तर ‘छान’ असंच येणार!

म्हणून 1998 मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी या आजारासाठी खास मोजपट्टी केली. तिच्यात सहा बाजू आहेत: व्यवहारातल्या अडचणी, सामाजिक जीवन, मन, शरीर, रोजचं काम आणि कुटुंब. कपडे खराब होतील या धास्तीने बाहेर जाणं टाळणं इथे मोजलं जातं. कोणत्या बाजूला किती वजन द्यायचं, हे स्त्रियांना विचारून ठरवलं. 0 म्हणजे सर्वांत वाईट अवस्था, 100 म्हणजे काहीच त्रास नाही.

ब्रिटनमधल्या 571 स्त्रियांवरच्या एका चाचणीत हीच पट्टी मुख्य माप म्हणून वापरली गेली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. नेहमीची औषधं आणि तांबीसारखं, पण गर्भाशयात संप्रेरक सोडणारं साधन यांची ती तुलना होती. दोन्ही गटांचे गुण वाढले. साधनाच्या गटाचे दोन वर्षांत सरासरी सुमारे 13 गुणांनी अधिक.

त्याआधी, 2007 मध्ये, ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने व्याख्याच बदलली होती. स्त्रीच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक किंवा व्यावहारिक जीवनात अडथळा आणणारा रक्तस्राव तो अतिरक्तस्राव. त्यात मिलिलिटरचा आकडा नाही.

याचा अर्थ रक्त मोजणं चुकीचं होतं, असा नाही. पांडुरोग तपासायचा तर हिमोग्लोबिन मोजावंच लागतं. पण लोह किती कमी झालं आणि जगणं किती अडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर परीक्षानळीत मिळतं. दुसऱ्याचं त्या स्त्रीला विचारूनच. पाळीमुळे महिन्यातले दोन दिवस शाळा बुडवणाऱ्या मुलीला ‘सगळ्यांनाच होतं’ असं सांगण्याआधी एवढा फरक आपल्या ध्यानात असला, तरी पुष्कळ झालं.