पथ्य आणि पंगत

भगिनींनो, काय खावे हे आपल्याला ठाऊक नाही, असे मला वाटत नाही. पालेभाज्या, मोडाच्या उसळी, नागलीची भाकरी यांचे गुण आपल्यातील प्रत्येकीला तोंडपाठ आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरी ५४ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. मग हे ज्ञान ताटापर्यंत का पोहोचत नाही? वर्धापनदिनाच्या निमित्ताने याच प्रश्नाचा थोडा इतिहास मी मांडते.

आपल्या जुन्या चालीरीतींकडे पाहा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कैरीची डाळ आणि पन्हे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हंगामातल्या सगळ्या भाज्यांची मिसळ. वैद्याने सांगितले म्हणून हे कोणी करीत नव्हते. शेजारणीकडे झाले, म्हणून आपल्याकडेही झाले. मात्र बाईने सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवावे, हा दंडकही त्याच शेजारधर्माने सांभाळला. चाल चांगली असो वा वाईट, तिला जिवंत ठेवतात ती चार माणसेच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई झाली. गृहिणींनी काळीज, गुर्दे असे सहसा न शिजवले जाणारे भाग वापरावेत, अशी सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांनी गृहिणींच्या काही गटांना उत्तम व्याख्यान ऐकवले. इतर गटांना आपसांत अडचणी बोलू दिल्या आणि अखेरीस, करून पाहायला कोण तयार आहे, म्हणून हात वर करायला लावले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरी ३ जणींनी ते पदार्थ केले. एकत्र बसून ठरवलेल्यांपैकी ३२ जणींनी! १९४३ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. पदार्थ आपल्यातील पुष्कळ घरांत चालणार नाही. तात्पर्य चालण्यास हरकत नसावी.

आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा गरोदरपणी कमी खाल्ले तर मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, असा समज तिकडे घट्ट होता. डॉक्टरांच्या सांगण्याने तो हलेना. पुढे गावांनीच निवडलेल्या बायकांना जामखेडला बोलावून आरोग्याचे शिक्षण देण्यात येऊ लागले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, काही दलित. निरनिराळ्या जातींच्या या बायका तेथे एकत्र राहिल्या, एका पंगतीत जेवल्या, आणि परत जाऊन शेजारणींशी बोलू लागल्या. गावोगावी महिला मंडळे उभी राहिली. आपल्यासारखीच लुगडे नेसणारी, आपल्याच विहिरीवरची बाई सांगते, म्हटल्यावर ते पटू लागले. १९७१ च्या सुमारास त्या भागात हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या काळात हा आकडा विसाच्या आसपास आला. लसी आणि स्वच्छ पाणी यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु पोटभर जेवलेल्या आईचाही आहेच.

आता आपल्या मंडळाविषयी. आहारावर व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली, टाळ्याही वाजवल्या. आणि त्याच सभेनंतर बशीत सामोसा आला. यापुढे दरमहा एक बैठक व्याख्यानाविना व्हावी, असे मी सुचवते. घरात सासूबाई काय म्हणतात, मुले नागलीला नाके का मुरडतात, हे तेथे मोकळेपणी बोलावे. पेठ-सुरगाण्याकडची नागली मंडळाने एकत्र आणून वाटून घ्यावी. उठण्यापूर्वी प्रत्येकीने महिनाभर पाळण्याची एकच गोष्ट मोठ्याने सांगावी आणि पुढच्या बैठकीचा आरंभ तिच्या चौकशीने व्हावा. पहिल्या महिन्यासाठी माझी सूचना एवढीच : रात्रीच्या जेवणाला आपलेही पान सर्वांच्या बरोबर मांडावे. ज्यांना मान्य असेल, त्यांनी येत्या सभेत हात वर करावा.