पेन्शनच्या अर्जांवरून दिसणारें अमेरिकन लोककल्याणाचें धोरण

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या लोककल्याणविषयक धोरणाचा इतिहास सामान्यतः १९३५ सालच्या कायद्यापासून सांगण्यांत येतो. आमच्या मतें त्याचा आरंभ त्यापूर्वीं शंभरांवर वर्षें, सैनिकांच्या पेन्शनच्या दप्तरांत शोधला पाहिजे. साहाय्यास पात्र कोण, हें अर्जदाराकडून कोणता पुरावा मागितला जातो ह्यावरून कळतें.

अध्यक्ष मन्रो ह्यांच्या कारकीर्दींत, १८१८ सालीं, स्वातंत्र्ययुद्धांतील गरजू सैनिकांस पेन्शन देण्याचें ठरलें. १८२० सालीं अर्जदारावर आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर देण्याची सक्ती झाली. अध्यक्ष जॅक्सन ह्यांच्या वेळच्या १८३२ च्या कायद्यांत दारिद्र्याची अट राहिली नाहीं. सेवा सिद्ध केली म्हणजे पुरे. १८३६ च्या कायद्यानें विधवांसही हक्क मिळाला. विवाहाचा पुरावा म्हणून कित्येकींनीं घरच्या बायबलांतील कुटुंबाच्या नोंदींचीं पानें अर्जास जोडलीं. तीं राष्ट्रीय दप्तरखान्यांत जतन केलेलीं आहेत.

परंतु निवळ दैन्य हा हक्क मानला गेला नाहीं. डोरोथिया डिक्स ह्या बाईंनीं खटपट करून संमत करविलेलें, निर्धन वेड्यांकरितां १ कोटी एकर सरकारी जमीन देणारें विधेयक अध्यक्ष पिअर्स ह्यांनीं ता. ३ मे १८५४ रोजीं नामंजूर केलें. धर्मादाय हें त्या त्या संस्थानाचें काम होय. मध्यवर्ती सरकारास राज्यघटनेनें तो अधिकार दिलेला नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

ता. १४ ऑगस्ट १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं सही केलेल्या कायद्यानें हें मत मागें पडलें. १९३७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तो कायदा उचलून धरला. तथापि जुना भेद टिकला. कामकऱ्यास वेतनावरील कराच्या जोरावर वार्धक्यवेतन; निराधार मुलांच्या मातेस मात्र गरिबी सिद्ध करणें भाग. शेतमजूर व घरकाम करणारीं माणसें वार्धक्यवेतनांतून वगळलेलीं होतीं; त्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा. अध्यक्ष ट्रुमन ह्यांच्या वेळीं, १९५० सालीं, त्यांपैकीं पुष्कळांचा समावेश झाला. १९६५ सालीं अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं वृद्धांच्या औषधोपचाराची तरतूद केली. १९९६ सालीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं मातांच्या साहाय्यास कामाची अट व सामान्यतः ५ वर्षांची मर्यादा घातली.

म्हणून संग्राहकांनीं छापील कायद्यांइतकेच अर्ज, याद्या व नामंजुरीचे शेरे जपावेत. मात्र ज्यांस कायद्यानेंच वगळलें, त्यांचा अर्जही दप्तरांत सांपडणार नाहीं, हें अभ्यासकानें विसरूं नये.