सेटॉकेटचे अनामिक हेर

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतील हेर म्हटला कीं नेथन हेलचें नांव प्रथम पुढें येतें. कनेक्टिकटमधील हा एकवीस वर्षांचा शिक्षक १७७६ च्या सप्टेंबरांत वेष पालटून लाँग आयलंडवर उतरला, थोड्याच दिवसांत पकडला गेला, आणि २२ तारखेस न्यूयॉर्क येथें रीतसर चौकशी न होतांच त्यास फांशीं देण्यांत आलें. त्याचे पुतळे आहेत, शाळांना त्याचें नांव आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु निवळ हिशेबानें पाहूं गेल्यास त्याच्याकडून एकही बातमी वॉशिंग्टनच्या हातीं पोंचली नाहीं. ज्यांनीं पुढें वर्षानुवर्षें बातम्या पोंचविल्या आणि जे शेवटपर्यंत शत्रूच्या हातीं लागले नाहींत, त्यांच्यांतील मुख्य पुरुषाचें नांव मात्र जवळजवळ दीडशें वर्षें जगास ठाऊक नव्हतें.

हीं माणसें बहुतेक सेटॉकेटचीं. लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचें हें लहानसें खेडें. समोरची सामुद्रधुनी ओलांडली कीं कनेक्टिकट. २७ ऑगस्ट १७७६ च्या लढाईंत वॉशिंग्टनचा पराभव झाला आणि सबंध बेट इंग्रजांच्या हातीं गेलें, तें १७८३ पर्यंत. (जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, त्या लढाईंत इंग्रजांकडून लढलेला कॉर्नवॉलिस तो हाच, ज्याच्या फौजेबरोबर १७९२ सालीं हरिपंत फडके श्रीरंगपट्टणावर गेले होते.) १७७७ सालीं गांवच्या प्रेस्बिटेरियन प्रार्थनामंदिराभोवतीं राजनिष्ठ पलटणीनें मोर्चे बांधले. त्याच मंदिराच्या धर्मोपदेशकाचा मुलगा बेंजामिन टॉलमॅज हा येल येथें हेलचा सहाध्यायी व स्नेही होता. १७७८ सालीं न्यूयॉर्कच्या बातम्या मिळविण्याचें काम वॉशिंग्टननें त्याच्याकडे सोंपविलें, तेव्हां त्यानें परके लोक शोधले नाहींत. लहानपणच्या सोबत्यांस हांक मारली. आमच्या मतें साऱ्या यशाचें मर्म येथेंच आहे. हेल एकटा गेला होता, आणि अनोळखी मुलुखांत गेला होता.

या नव्या साखळींत अब्राहम वुडहल हा शेतकरी होता. पत्रांत तो ‘सॅम्युएल कल्पर’. ऑइस्टर बे गांवचा रॉबर्ट टाउनसेंड न्यूयॉर्कमध्यें व्यापार करी. तो ‘धाकटा कल्पर’. सेटॉकेटचा खाणावळवाला ऑस्टिन रो माल आणण्याच्या निमित्तानें शहरापर्यंतची सुमारें ५५ मैलांची वाट घोड्यावरून तुडवी, आणि केलेब ब्रूस्टर व्हेल मारणाऱ्यांच्या लांबट होडींतून रात्रीं सामुद्रधुनी ओलांडून कागद पलीकडे नेई. टॉलमॅजनें शब्दांसाठीं अंक योजून एक कोश तयार केला होता. त्यांत ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२७ म्हणजे न्यूयॉर्क. अदृश्य शाई जेम्स जे या वैद्यानें करून दिली. १७८० च्या जुलैंत न्यूपोर्टला नुकत्याच उतरलेल्या फ्रेंच सैन्यावर इंग्रज चालून जाणार ही बातमी याच वाटेनें गेली.

शौर्याच्या कथांत भीतीला सहसा जागा नसते. वुडहलचीं पत्रें मात्र भीतीनें भरलेलीं आहेत, आणि म्हणूनच तीं आम्हांस फार खरीं वाटतात. १७७९ च्या वसंतांत तो आपल्या खोलींत त्या दुर्मिळ शाईनें लिहीत बसला होता. शेजारच्या खोलींत इंग्रज अधिकारी उतरलेले. एकाएकीं दार धाडकन् उघडलें. वुडहल दचकून उठला, मेज उलटलें, शाईची कुपी फुटली. आलेल्या होत्या ओळखीच्याच दोन बायका, थट्टेनें त्याला घाबरवावयास! त्याच सुमारास इंग्रज सेनानी सिमको त्यास धरण्यासाठीं सेटॉकेटला आला. तो घरीं सांपडला नाहीं, तेव्हां त्याच्या म्हाताऱ्या बापास मार खावा लागला. इतकें होऊनही वुडहलनें काम सोडलें नाहीं.

टाउनसेंडची गोष्ट याहून निराळी. आपलें नांव सेनापतीसही कळूं नये असा त्याचा आग्रह होता. युद्ध संपलें, बाकीचे आपापल्या धंद्याला लागले. हा गृहस्थ १८३८ सालीं वारला तो आपलें गुपित बरोबर घेऊनच. तें उघड केलें मॉर्टन पेनिपॅकर या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकानें, १९३० सालीं. टाउनसेंड घराण्याच्या जुन्या कागदांतील रॉबर्टचें अक्षर आणि वॉशिंग्टनच्या दप्तरांतील धाकट्या कल्परचें अक्षर त्यानें शेजारीं शेजारीं ठेवलें, तों तें एकच! राजधानींतील इतिहासकारांस जें साधलें नाहीं तें एका बेटावरच्या घरगुती कागदांनीं साधलें.

परंतु स्थानिक अभिमान जितका शोधतो तितकाच रचतोही. ॲना स्ट्राँग ही बाई वाळत घातलेल्या कपड्यांनीं ब्रूस्टरची खूण देई – काळा परकर म्हणजे तो आला, हातरुमालांच्या संख्येवरून तो कोणत्या खाडींत आहे तें कळावयाचें – ही कथा गांवोगांव सांगतात. कथा मोठी गोड आहे. त्या काळचा एकही कागद तिला आधार देत नाहीं. कोशांत ३५५ म्हणजे केवळ ‘स्त्री’. वुडहलच्या एका पत्रांत तो अंक एकदां आला, तेवढ्यावरून एक सुंदर हेरीण, तिचें टाउनसेंडवरील प्रेम आणि तुरुंगाच्या जहाजावरील तिचा मृत्यु असें सबंध नाटक उभें राहिलें. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर या मंडळाची मालिका झाली, त्यानंतर अशा रचनांस तोटा उरला नाहीं. ॲना स्ट्राँगनें कांहींच केलें नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. वुडहलची ती शेजारीण होती आणि तिचा नवरा इंग्रजांच्या कैदेंत पडला होता. परंतु जें तिनें केलें असेल तें शोधावयाचें सोडून तिच्या दोरीवर परकर टांगून आपण मोकळे होतों, याचें आम्हांस वाईट वाटतें.

१७९० च्या एप्रिलांत वॉशिंग्टन, आतां राष्ट्राध्यक्ष, लाँग आयलंडच्या फेरीवर निघाला आणि २२ तारखेची रात्र त्यानें सेटॉकेटला रोच्या खाणावळींत काढली. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. जागा बऱ्यापैकीं असून माणसें अगत्यशील आहेत, एवढीच नोंद त्यानें तींत केली आहे.